क्रोशाचा गोल रुमाल सपाट का बसत नाही? 'वाटी' आणि 'झालर' या दोन दोषांचे निवारण

श्रावण लागला की आमच्या बेळगाव-शहापूरच्या घरी दुपारच्या वेळी क्रोशाच्या सुया आणि दोऱ्याच्या गुंड्या घेऊन येणाऱ्या बायकांची संख्या वाढते. गौरी-गणपतीपर्यंत चौरंगावरचा रुमाल, दारावरचे तोरण आणि समईखालचे आसन तयार व्हावे, अशी प्रत्येकीची इच्छा असते. तोरण बहुतेकींचे नीट उतरते, कारण ते सरळ पट्टीचे काम आहे. गोल रुमालाचे मात्र दरवर्षी तेच घडते. सहा-सात फेऱ्यांपर्यंत तो भाकरीसारखा सपाट असतो, दहाव्या फेरीला कडा किंचित उचलल्यासारख्या वाटतात आणि पंधराव्या फेरीला तो टेबलावर ठेवला तर ताम्हण ठेवल्यासारखा दिसतो. काहींच्या हातून उलटा दोष होतो; मधला भाग बरा असतो, पण कडेला परकराच्या घेरासारख्या चुण्या पडतात. पहिल्या दोषाला आम्ही 'वाटी' म्हणतो आणि दुसऱ्याला 'झालर'.

या दोन्ही दोषांवर घरोघरी तीन उपाय ठरलेले आहेत: पुढच्या फेऱ्यांत आपोआप जुळून येईल म्हणून विणत राहणे, ओल्या कपड्याखाली इस्त्री फिरवणे आणि घट्ट खळ करून ताणून वाळवणे. पहिल्या उपायाने दोष वाढतो. दुसरा आणि तिसरा तो झाकतात, पण पहिली धुणी झाली की रुमाल पुन्हा वाटीच्या आकारात येतो. हात चांगला नाही, असे समजून काम कपाटात टाकून देणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण यात हाताचा दोष क्वचितच असतो. दोष असतो तो हिशेबात, आणि तो हिशेब सातवी-आठवीच्या भूमितीपलीकडचा नाही.

माझ्या भाचीच्या लग्नात रुखवतावर मांडायला म्हणून मी स्वतः २२ फेऱ्यांचा पांढरा रुमाल विणला होता. नमुना विकतच्या पुस्तिकेतला होता आणि प्रत्येक फेरीत १२ खांब, म्हणजे उभे उंच टाके, वाढवायचे, असे त्यात स्पष्ट छापलेले होते. मी एकही घर, म्हणजे टाका, न चुकवता तो विणला, तरी लग्नाच्या आदल्या रात्री तो पाटावर पसरला तेव्हा मधोमध हाताचा तळवा ठेवल्याशिवाय खाली बसेना, आणि तळवा उचलला की कडा पुन्हा वर येत. पुस्तिकेचा आकडा चुकीचा नव्हता आणि माझी मोजणीही चुकलेली नव्हती. पुस्तिका लिहिणाऱ्या बाईंचा खांब आणि माझा खांब यांची उंची एकसारखी नव्हती, एवढाच फरक होता, आणि तो लक्षात यायला मला पुढची दोन वर्षे लागली.

वर्तुळाचा परिघ त्रिज्येच्या ६.२८ पट असतो. म्हणजे रुमाल मध्यापासून एक सेंटिमीटर बाहेर वाढला की त्याची कड सुमारे सव्वासहा सेंटिमीटरने लांब झालीच पाहिजे. तेवढी झाली नाही तर कड अपुरी पडते आणि रुमाल वर ओढला जाऊन वाटी होते, आणि जास्त झाली तर उरलेल्या लांबीला जायला जागा नसल्याने झालर पडते. एका फेरीत रुमाल किती बाहेर वाढतो, हे टाक्याच्या उंचीवर ठरते आणि कड किती लांबते, हे वाढवलेल्या टाक्यांच्या रुंदीवर ठरते. म्हणून फेरीमागे किती टाके वाढवायचे, याचे उत्तर ६.२८ गुणिले टाक्याची उंची भागिले टाक्याची रुंदी एवढेच आहे. मुका खांब, म्हणजे सुईवर दोऱ्याचा वेढा न घेता विणलेला बुटका टाका, उंचीला आणि रुंदीला जवळजवळ सारखा असतो, म्हणून त्याच्या कामात फेरीमागे ६ वाढतात. साधा, एका वेढ्याचा खांब रुंदीच्या दुप्पट उंच धरला तर १२ येतात. अर्ध्या खांबाला ८ किंवा ९ आणि दोन वेढ्यांच्या लांब खांबाला १८ च्या आसपास, हे आकडेही याच हिशेबातून येतात. पुस्तकात छापलेले ६ आणि १२ हे कोणाच्या तरी हाताचे सरासरी आकडे आहेत. ते आपल्या हाताला लागू पडतातच असे नाही.

तेव्हा पहिले काम म्हणजे स्वतःच्या खांबाचे माप घेणे. ज्या दोऱ्याने आणि ज्या सुईने रुमाल करायचा आहे, त्यानेच २० खांबांची एक लहान सरळ पट्टी १० ओळी विणावी. ती पाण्यात बुडवून, टॉवेलमध्ये दाबून, ताण न देता सपाट वाळवावी आणि मग तिला मोजपट्टी लावावी. मी २० नंबरचा दोरा आणि १.२५ मिलिमीटरची सुई वापरते. माझ्या पट्टीत २० खांबांची रुंदी ४.४ सेंटिमीटर भरली, म्हणजे एक खांब २.२ मिलिमीटर रुंद. आणि १० ओळींची उंची ५ सेंटिमीटर भरली, म्हणजे एक खांब ५ मिलिमीटर उंच. ५ ला २.२ ने भागून ६.२८ ने गुणले की १४.३ येतात. याचा अर्थ माझ्या हाताला फेरीमागे १४ खांब वाढवायला हवे होते आणि मी २२ फेऱ्या १२ च वाढवत गेले. प्रत्येक फेरीत दोन-सव्वादोन खांबांची तूट साचत गेली, म्हणून सुरुवातीला काही कळले नाही आणि शेवटी मोठी वाटी झाली. माझ्या धाकट्या जावेच्या हातचा खांब बसका आहे. तिच्या १० ओळी ३.८ सेंटिमीटर भरल्या आणि रुंदी माझ्याएवढीच होती, म्हणून तिचे उत्तर ११ च्याही किंचित खाली आले. तिला त्याच पुस्तिकेच्या १२ वाढींनी झालर पडत असे. एकच नमुना, एकच दोरा, एकाच घरातल्या दोघी, आणि दोष परस्परविरुद्ध. याचे कोडे आम्हा दोघींना अनेक वर्षे सुटले नव्हते.

उत्तर १४ आले तर मधल्या कड्यात पहिल्याच फेरीला १४ खांब घ्यावेत आणि पुढे २८, ४२, ५६ असे जावे. नमुन्यातील पाकळ्यांची संख्या बदलणे शक्य नसेल, म्हणजे १२ पाकळ्यांचे फूल १२ च पाकळ्यांचे राहायला हवे असेल, तर वाढ तशीच ठेवून खांब बसका करावा. सुईवर पहिला दोरा वर ओढून घेताना तो जितका उंच ओढला जातो, तितकी खांबाची उंची ठरते. बहुतेक जणी इथेच नकळत दोरा लांब ओढतात. ही सवय मोडत नसेल, तर एक नंबर बारीक सुई घेऊन पुन्हा पट्टी विणून माप घ्यावे. बारीक सुईने रुंदीही थोडी कमी होते, म्हणून अंदाजावर न जाता पुन्हा मोजणेच बरे.

हिशेब बरोबर असूनही अगदी तिसऱ्या-चौथ्या फेरीलाच खोल वाटी होत असेल, तर बहुधा नमुना वाचण्यात घोटाळा झालेला असतो. ब्रिटिश पद्धतीच्या जुन्या पुस्तिकांत ज्याला 'डबल क्रोशे' म्हटले आहे तो आपला मुका खांब, आणि अमेरिकी पद्धतीत 'डबल क्रोशे' म्हणजे आपला साधा खांब. आपल्याकडे घरातल्या जुन्या पुस्तिका बहुतेक ब्रिटिश पद्धतीच्या असतात आणि मोबाइलवरचे व्हिडिओ बहुतेक अमेरिकी पद्धतीचे असतात, त्यामुळे पुस्तिका समोर ठेवून व्हिडिओतल्या अर्थाने वाचली की मुक्या खांबाच्या जागी साधा खांब विणला जातो. उंची दुप्पट होते, वाढ मात्र ६ चीच राहते आणि रुमालाची टोपी होते. ओळखण्याची खात्रीची खूण फेरीच्या सुरुवातीला असते. 'डबल क्रोशे'ची फेरी ३ साखळ्यांनी सुरू होत असेल, तर तो साधा खांब आहे. एका साखळीने सुरू होत असेल, तर मुका खांब आहे. घर सोडायला सांगताना 'मिस' हा शब्द असेल तर नमुना बहुधा ब्रिटिश आणि 'स्किप' असेल तर अमेरिकी समजावा. आपल्या मराठीतही हा गोंधळ कमी नाही. काही घरांत फेरी बंद करताना दोरा नुसता ओढून घेतात त्या टाक्यालाच 'मुका' म्हणतात. दुसऱ्या घरातून तोंडी नमुना घ्यायचा असेल, तर आधी एक मुका खांब विणून दाखवायला सांगावे.

दुसरे कारण लहान आहे, पण फार सापडते. फेरीच्या सुरुवातीच्या ३ साखळ्या हा एक खांब धरला जातो, हे विसरल्यामुळे शेवटचे घर सुटते किंवा तिसऱ्या साखळीऐवजी दुसऱ्याच फटीत फेरी बंद होते आणि दर फेरीला एक टाका हरवतो. आमच्या शेजारच्या कन्नड अक्का कसुतीचे भरतकाम करतात. कसुतीत कापडाचे धागे मोजून टाके घालायचे असतात, गाठ मारायची नसते आणि काम दोन्ही बाजूंनी सारखे दिसावे लागते, त्यामुळे एक धागा चुकला की परतीच्या वाटेवर तो लगेच समोर येतो. क्रोशाच्या गोल कामात चुकलेला टाका समोर येत नाही. तो पाच फेऱ्यांनंतर कडेच्या उंचवट्यातून बोलतो. म्हणून दर फेरीच्या पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवावा, फेरी पूर्ण झाली की टाके मोजून आकडा वहीत लिहावा आणि रुमाल मांडीवर नव्हे, तर कडक टेबलावर ठेवून पाहावा. मांडीवर वाटी दिसत नाही, कारण मांडीच गोलाकार असते.

वाढीचे टाके दर फेरीला बरोबर एकावर एक घेतले तर रुमाल सपाट बसतो, पण गोल न होता षट्कोनी किंवा बहुकोनी होतो. वाढीची जागा दर फेरीला थोडी सरकवली की हा दोष जातो.

जाळीच्या कामाचा हिशेब वेगळा आहे आणि खरी लेस जाळीतच असल्यामुळे त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. जाळीत साखळ्यांच्या कमानींची संख्या अनेक फेऱ्या तीच राहते आणि प्रत्येक कमानीतील साखळ्या वाढवून घेर वाढवला जातो. समजा २४ कमानी आहेत आणि जाळीच्या एका फेरीने रुमाल अर्धा सेंटिमीटर बाहेर जातो. तर कड ३.१४ सेंटिमीटरने वाढायला हवी, म्हणजे प्रत्येक कमानीच्या वाट्याला १.३ मिलिमीटर आले. एक साखळी साधारण २ मिलिमीटर लांब धरली तर तीन फेऱ्यांत मिळून दोन साखळ्या वाढवाव्या लागतात, म्हणजे ५ साखळ्यांच्या कमानीनंतर पुढच्या तीन फेऱ्या ५, ६, ७ अशा जातील. कमान सरळ नसून वाकलेली असते, त्यामुळे हा किमान हिशेब समजावा. बहुतेक जणी नमुन्यात सांगितलेल्या साखळ्या घेतात, पण साखळी खांबापेक्षा घट्ट घालतात, आणि सहा साखळ्यांची लांबी पाचांएवढीच भरते. खांबांच्या भागापर्यंत सपाट असलेला रुमाल जाळी सुरू होताच उचलू लागला, तर दुसरे काही शोधू नये, साखळी घट्ट आहे एवढेच समजावे. साखळी घालताना सुईचा दांडा, म्हणजे आकड्याच्या मागचा एकसारख्या जाडीचा भाग, फासातून पूर्ण जाऊ द्यावा. आकड्याच्या निमुळत्या गळ्यावर घातलेली साखळी नेहमी आखूड होते.

आता ताणाविषयी. आमच्या ओळखीच्या एक काकू वडगावच्या विणकर घरातल्या आहेत. त्यांनी एकदा माझ्या डाव्या हाताकडे पाहून विचारले, "हातमागावर ताणा तुळईला बांधलेला असतो, तो सकाळी आणि संध्याकाळी सारखाच राहतो. तुझा ताणा कशाला बांधला आहेस?" प्रश्न अगदी नेमका होता. क्रोशात दोऱ्याचा ताण डाव्या करंगळीभोवतीच्या एका वेढ्यावर आणि तर्जनीच्या उंचीवर असतो. सकाळी निवांत बसून विणलेल्या आणि रात्री दमून विणलेल्या फेरीतला फरक मोजपट्टीवर दिसतो. रुमाल दहाव्या फेरीपर्यंत चांगला असेल आणि तिथूनच बिघडला असेल, तर त्या फेरीच्या वेळी काय बदलले, हे आठवून पाहावे: नवी गुंडी लागली का, सुई बदलली का, काम महिनाभर पडून होते का, की मध्येच दुसऱ्या कोणी दोन फेऱ्या घातल्या. आईने सुरू करून मुलीने पुढे नेलेल्या गोल रुमालात जिथे हात बदलला ती फेरी मला बहुतेक वेळा बोटाने दाखवता येते. आंध्र प्रदेशातील नरसापूरच्या ज्या क्रोशा लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिथे फुले एकीने विणायची आणि ती जोडायची दुसरीने, अशी वाटणी जुनी आहे. पण ते सुट्या तुकड्यांचे काम असते आणि प्रत्येक तुकडा एकाच हातचा असतो. अखंड गोल रुमालात अशी वाटणी करू नये.

आपल्या भागातील पावसाळा या कामाला अनुकूल नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. जुलै-ऑगस्टमध्ये खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे तर भिंतींनाही ओल येते. बेळगावातही कपाटात ठेवलेल्या पोलादी सुईवर तांबूस ठिपके पडतात. अशी सुई दोऱ्याला अडते, अडलेला दोरा आपण नकळत जोरात ओढतो आणि टाका घट्ट व आखूड होतो; शिवाय पांढऱ्या दोऱ्यावर गंजाचा डाग पडला तर तो सहज निघत नाही. सुई वापरण्यापूर्वी आकड्याच्या आतल्या बाजूने बोटाचे टोक फिरवून पाहावे. खरखर लागली तर अगदी बारीक पॉलिश पेपरने घासून, साबणाने धुऊन, पूर्ण कोरडी करावी. सुया कोरड्या सुती कापडात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्या तर एक पावसाळा बऱ्या राहतात. माझ्या सुया कुंद्याच्या जुन्या डब्यात असतात. ओलसर हवेत घाम आलेल्या हाताने विणण्यापेक्षा हात धुऊन, पुसून, पंख्याखाली बसावे.

मग पाणी, टाचण्या आणि खळ यांचा उपयोग काय? उपयोग आहे, पण मर्यादित. पूर्ण झालेला रुमाल थंड पाण्यात भिजवावा, पिळू नये, टॉवेलमध्ये दाबावा आणि जाड थर्माकोलवर पांढरे कापड घालून, त्यावर कंपासने काढलेल्या वर्तुळावर न गंजणाऱ्या टाचण्यांनी बसवावा. समोरासमोरच्या टाचण्या जोडीने लावाव्यात, एका बाजूने सुरुवात करून गोल फिरत गेले तर रुमाल तिरपा ताणला जातो. ओला असताना बोटाच्या हलक्या ओढीने कड वर्तुळावर बसली, तर तूट किरकोळ होती आणि टाचण्यांनी ती भरून निघेल. कड बसवण्यासाठी जोर लावावा लागला, तर थांबावे, कारण सुती दोरा ताणून कायमचा लांब होत नाही आणि पहिल्या धुण्यानंतर सारे श्रम वाया जातात. झालरीला तर टाचण्यांचा उपयोग त्याहूनही कमी आहे. जास्तीची लांबी पाण्याने नाहीशी होत नाही.

दोरा निवडताना गुंडीवर 'मर्सराइज्ड' लिहिलेले आहे का, ते पाहावे. लँकेशायरचे जॉन मर्सर यांनी १८४४ मध्ये सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया शोधली, तिच्यावरून हा शब्द आला. पुढे १८९० च्या सुमारास होरेस लोव यांनी ती प्रक्रिया सूत ताणून धरून करायला सुरुवात केल्यावर दोऱ्याला चकाकी येऊ लागली आणि आटणे कमी झाले. साध्या सुताचा रुमाल धुतल्यावर उंचीत आणि रुंदीत वेगवेगळा आटू शकतो, म्हणून विणताना सपाट असलेला रुमाल धुतल्यावर बिघडला, तर आधी दोऱ्याकडे पाहावे. मापाची पट्टी धुऊन मोजायला सांगितली, ती याचसाठी.

खळ मला भाताच्या निवळ पेजेची आवडते. ती गाळून, कोमट असताना लावली की टाके उठून दिसतात आणि दोरा लाकडासारखा ताठ होत नाही. पण खळ केलेला रुमाल पावसाळ्यात घडी करून ठेवू नये, कारण त्याला बुरशी धरते आणि कसर लागते. सणाच्या दोन-तीन दिवस आधी खळ करावी, सण झाला की धुऊन खळ काढावी आणि कोरड्या पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून ठेवावा.

जो रुमाल बिघडलेलाच आहे, त्याचे काय करावे, हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. टेबलावर ठेवून मध्यापासून बाहेर हलक्या हाताने दाबत जावे. ज्या फेरीपर्यंत तो आपणहून सपाट बसतो ती शेवटची चांगली फेरी, आणि तिच्या पुढचे सारे उसवावे. मी माझा रुखवताचा रुमाल नवव्या फेरीपर्यंत उसवला होता, पण तिथपर्यंतही थोडी तूट होतीच, म्हणून दहाव्या फेरीत नेहमीच्या १४ ऐवजी १८ खांब वाढवले आणि पुढे १४ चा क्रम धरला. आधीची तूट एकाच फेरीत पूर्ण भरायला गेले असते, तर त्या फेरीला झालर पडली असती, म्हणून राहिलेली तूट टाचण्यांवर सोडली. उसवलेला दोरा कुरळा झालेला असतो आणि तसाच वापरला तर टाके एकसारखे पडत नाहीत. तो खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून त्याची लड करावी, चार ठिकाणी सैल बांधावी, भिजवून दोरीवर टांगावी आणि खाली कपबशीतला रिकामा कप अडकवावा. उन्हाळ्यात ती एका दुपारीत वाळते. श्रावणात दोन दिवस तरी टांगून ठेवावी लागते.